फोडणीत न उतरणारा कढीपत्ता

पुण्यातला जुना बंगला बागेसकट विकला गेला. कुंपणालगत छातीएवढं, डब्यासारखं चौकोनी कापलेलं, बारमाही हिरवं झुडूप. नव्या मालकीणबाई म्हणाल्या, "कढीपत्ताच आहे हो, पण फोडणीत घातला तर वासच येत नाही. जुना झाला असेल."

कढीपत्ता जुना झाला म्हणून त्याचा वास जात नाही. आणि अनोळखी पान फोडणीत घालायचंच नाही. कण्हेर आणि पिवळी बिट्टी दोन्ही सदाहरित, कुंपणाला हमखास असणारी आणि जहाल विषारी. आधी हातमोजे घालून डहाळी मोडली: चीक नाही. पानं एकाआड एक, म्हणजे समोरासमोर पानांचे तगर, अनंत, कोयनेल बाद.

पुढे मात्र बहुतेक जण फसतात, पर्णिकेलाच, म्हणजे एका पानाच्या सुट्या दिसणाऱ्या छोट्या भागाला, पान समजतात. कोंब शोधायचा. तो पानाच्या बेचक्यात असतो, पर्णिकेच्या कधीच नाही. तसं पाहिल्यावर एका पानाला पाच-सात पर्णिका भरल्या, गुळगुळीत, चकचकीत, टोकाकडे रुंद. कढीपत्त्याला बहुधा पंधरा-वीस असतात, कडा बारीक दातेरी. पर्णिका उन्हासमोर धरली तर सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसले. या तैलग्रंथी. चुरगळल्यावर लिंबाच्या पानासारखा मंद वास. म्हणजे कूळ लिंबाचं. वाकून आत पाहिलं तर कात्रीतून सुटलेलं एकच शेंदरी फळ, वाटाण्याएवढं. कढीपत्त्याचं पिकलेलं फळ काळं असतं. झाड कुंतीचं होतं. नर्सरीत हिलाच कामिनी म्हणतात.

मग फुलं का नाहीत? कळ्या कोवळ्या शेंड्यांवर धरतात आणि माळी दर महिन्याला नेमके तेच उडवायचा. दिवसाला चार-पाच तास ऊन होतं, तेव्हा रस्त्याकडची बाजू कापायचीच नाही असं ठरवलं. आता छाटणी फुलांचा बहर ओसरल्यावरच, तीही वाढीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. पहिल्या दमदार पावसानंतर त्या बाजूला पांढरे घोस आले, संध्याकाळी वास फाटकापर्यंत. कात्री चाललेली बाजू तशीच हिरवी.

एक अडचण राहिली. शेजारी कागदी लिंबू लावण्यासाठी खड्डा तयार होता. लिंबावर ग्रीनिंग रोग पसरवणारा सिट्रस सायला हा किडा कुंतीच्या कोवळ्या फुटीवर मजेत वाढतो. खड्डा बुजवला, लिंबू मागच्या अंगणात गेलं. तिथेही कोवळी फूट आली की पानांची खालची बाजू पाहायला सांगितलंय.