फ्रिजची पाठ

फ्रिजच्या दाराचे लाड फार होतात. त्यावरचे बोटांचे ठसे पुसले जातात, चुंबकं नीट लावली जातात, पाहुणे येणार असले की हॅंडलवरूनही फडकं फिरतं. पाठीकडे मात्र कुणी फिरकत नाही. ती बिचारी वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून उभी, आणि यंत्राचं खरं काम तर सगळं तिथेच चाललेलं.

फ्रिज थंडी तयार करत नाही; तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर वायूवर दाब देतो, वायू तापतो आणि मागच्या काळ्या जाळीतून फिरताना ती ऊब खोलीला देऊन द्रव होतो. पुढे एका अगदी बारीक नळीतून गेल्यावर त्याचा दाब एकदम उतरतो. मग आतल्या बाजूला त्याची पुन्हा वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो तुमच्या दुधाभाज्यांकडून घेतो. आता त्या काळ्या जाळीवर धुळीची गोधडी पांघरली गेली, तर ऊब जाणार कुठे? कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, विजेचं बिल वाढतं आणि आपण नॉब आणखी पुढे सरकवत बसतो.

म्हणून वर्षातून दोनदा, घरात कुत्रं-मांजर असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी, जाळी साफ करावी. नुसता नॉब शून्यावर नेऊन भागत नाही, प्लग काढायचा. फ्रिज हळूच पुढे ओढून लांब केसांच्या मऊ ब्रशने धूळ वरून खाली झाडायची. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम. ओलं फडकं नको, त्याने धुळीचा चिखल होतो. मागे जाळी दिसलीच नाही तर ती खाली, कॉम्प्रेसरजवळ असते किंवा बाजूच्या पत्र्याआड. पत्र्याआड असेल तर फ्रिजच्या बाजू हाताला गरम लागतात. ते दुखणं नव्हे, प्रकृती ठीक असल्याची खूण आहे. फक्त अशा फ्रिजला दोन्ही बाजूंनी मोकळी जागा हवी. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये तो ठासून बसवू नये.

आतली थंडी टिकवायचं काम दाराच्या रबराचं. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढून पाहा. अलगद निघून आली तर तिथे फट आहे. चारही बाजू तपासाव्यात, बिजागरीची आधी, कारण तिथलंच रबर जास्त दबतं. बऱ्याचदा रबर फाटलेलं नसतं, घड्यांमध्ये चिकट थर साचलेला असतो. कोमट पाण्यात थोडा साबण घालून जुन्या टूथब्रशने घासलं की काम होतं. वाकडं झालेलं रबर हेअर ड्रायरच्या मंद झोताने ऊब देऊन हाताने सरळ करता येतं. फाटलेलं मात्र बदलावंच, त्याला चिकटपट्टी लावणं हा निव्वळ आळस. पुढचे पाय स्क्रूने किंचित उंच करून ठेवले तर अर्धवट सोडलेलं दार आपोआप मिटतं.

जुन्या पद्धतीच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा थर पाच-सहा मिलिमीटर झाला की तो वितळवावा. आणि इथेच सुरी बाहेर येते. बर्फाखाली अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि त्यातच वायूच्या वाटा असतात. एक टोक लागलं की वायू गेला, ओलावा आत शिरला आणि दुरुस्तीचा खर्च उभा राहिला. शिवाय आजच्या अनेक फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, तो ज्वलनशील आहे. त्यापेक्षा प्लग काढा, आत गरम पाण्याचं भांडं ठेवा, खाली टॉवेल पसरा आणि धीर धरा.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिज हे काम स्वतः करतो. त्याचा हीटर ठरावीक वेळाने बर्फ वितळवतो, पाणी मागच्या छिद्रातून खाली उतरतं आणि कॉम्प्रेसरजवळच्या ताटलीत वाफ होऊन जातं. छिद्रात पालेभाजीचा तुकडा अडकला की भाजीच्या ट्रेखाली तळं साचतं. बिनसुईच्या सिरिंजने कोमट पाणी सोडलं की वाट मोकळी होते. ती ताटलीही जमेल तेव्हा धुवावी. आत खायच्या सोड्याची वाटी ठेवूनही वास जात नसेल, तर तो बहुधा तिथूनच येत असतो.

वर बर्फ कडक आणि खाली मात्र कोमट, अशी अवस्था झाली तर आधी हवेच्या झरोक्यांसमोर डबे रचले आहेत का ते बघा. तसं नसेल तर फ्रिज रिकामा करून, प्लग काढून, दार उघडं ठेवून चोवीस तास सोडा. त्यानंतर काही दिवस छान चालला आणि पुन्हा तेच सुरू झालं, तर बर्फ वितळवणारा हीटर, सेन्सर किंवा टायमर बिघडला आहे. मेकॅनिकला हे नेमकं सांगितलं की त्याचा वेळ वाचतो, आणि तुमचे पैसेही.

नॉबवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. बहुतेक फ्रिजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंडी, इतकाच त्यांचा अर्थ. खरं तापमान बघायचं तर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवा. सकाळी तीन-चार अंश सेल्सिअस दिसायला हवेत, फ्रीजरमध्ये उणे १८. दाराचे कप्पे सगळ्यात उबदार असतात, तरी दुधाची बाटली हमखास तिथेच असते!

बाकी राहतं ते ‘गॅस संपला’ हे निदान. ही बंद नळ्यांची व्यवस्था आहे. त्यात वायू वापरून संपत नाही, कमी झाला तर गळूनच. गळती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस काही दिवसांनी पुन्हा त्याच वाटेने जातो. तेव्हा सिलिंडर जोडण्याआधी गळती कुठे आहे, एवढं विचारून घ्यावं.