भाला, पाइप आणि पडताळणी

मुलगी भाला फेकते म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती लांब जातो ओ?" मी ४४ मीटर सांगते. समोरचा माणूस मनातल्या मनात तो आकडा नीरज चोप्राच्या आकड्यातून वजा करतो आणि माझ्याकडे जरा दयेनं बघतो. नीरजचा भाला ८०० ग्रॅमचा, आमचा ६०० चा, हे मी आता सवयीनं सांगते. महिलांचा जागतिक विक्रम ७२.२८ मीटर. चेक प्रजासत्ताकच्या बार्बोरा श्पोताकोव्हानं तो २००८ मध्ये केला आणि तो अजून शाबूत आहे. भारतात सगळ्यात पुढे अन्नू राणी, ६३.८२. आमच्या वेळी राज्य स्पर्धेत पंचेचाळीस मीटरच्या आसपास फेकणारी पोरगी पदकाच्या भांडणात असायची. मी त्या भांडणातली. अन्नू राणीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, पण चाळीस-पंचेचाळीस मीटरमध्येच राहणाऱ्या आमच्यासारख्यांचं पुढे काय होतं ते फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हे लिहितेय.

शाळेत मी सॉफ्टबॉल खेळायचे. मैदानाच्या टोकावरून चेंडू थेट होमप्लेटवर यायचा, ते बघून सरांनी हातात भाला दिला. पण फेकू मात्र दिला नाही. कितीतरी दिवस नुसतं उभं राहून समोर पाच-सात मीटरवर भाला जमिनीत टोचायचा. बोटं भाल्याच्या मधोमध गुंडाळलेल्या दोरीच्या मागच्या कडेला कशी अडकतात, तळवा आकाशाकडे कसा राहतो, भाल्याचं टोक कानाजवळून कसं जातं, एवढंच. मैत्रिणी धावायच्या, उड्या मारायच्या आणि मी माळ्यासारखी जमिनीत भोकं पाडत बसायची.

मैदान मुरमाचं. उन्हाळ्यात ते इतकं टणक व्हायचं की टोक लागायचं, पण रुतायचं नाही. भाला उसळून पडायचा, शेपूट आपटायचं आणि काही महिन्यांत त्याला बाक यायचा. बाकलेला भाला हवेत थरथरतो, सरळ जातच नाही. स्पर्धेत टोक आधी जमिनीला लागलं तरच थ्रो धरतात, रुतलंच पाहिजे असं नाही. हे कळल्यावर निम्मी भीती गेली. महिलांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य १९९९ मध्ये पुढे सरकवला तो याच भानगडीमुळे. त्याआधी भाला आडवा पडायचा आणि पंचांमध्ये वाद व्हायचे. जुन्या भाल्यानं पूर्व जर्मनीच्या पेट्रा फेल्केनं १९८८ मध्ये बरोब्बर ८० मीटर फेकले होते. तो विक्रम आता वेगळ्या खात्यात आहे.

अकरावीत मोठ्या गटात गेले आणि भाला ५०० चा ६०० ग्रॅमचा झाला. शंभर ग्रॅमनं काय होतं, असं घरच्यांना वाटलं. माझे मीटर चांगलेच खाली आले. त्यातच दुकानदारानं वरच्या रेटिंगचा भाला गळ्यात मारला. भाल्यावर ५०, ६०, ७० असे आकडे असतात. तितक्या अंतरावर फेकणाऱ्यासाठी तो बनवलेला असतो. वरच्या आकड्याचा भाला कडक असतो, त्याला वेग मिळाला नाही तर तो लवकर नाक खाली घालतो. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. त्यांच्या पगाराकडे बघता दुसरा भाला लगेच मागणं शक्य नव्हतं. शेवटी सरांनी ओळखीत अदलाबदल करून दिली.

मग प्रवास. ६०० ग्रॅमचा भाला सव्वादोन मीटर लांब असतो. प्लंबिंगच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइपचा आठ फुटांचा तुकडा कापून घेतला, दोन्हीकडे टोपणं लावली, आत जुन्या सोलापुरी चादरीचे तुकडे कोंबले. एसटीत तो पाइप मधल्या वाटेत आडवा टाकायचा आणि चढणाऱ्या प्रत्येकाची बोलणी खायची. कंडक्टर विचारायचे, "बोअर मारायला चाललीस का गं?" जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच नंदीध्वज मिरवतात, त्या दिवसांत तर पाइप खांद्यावर घेऊन गल्लीतून निघाले की पोरं ओरडायची, "नंदीध्वज निघाला!" शेजारच्या अक्का हात जोडायच्या, तेही हसत हसत.

शालेय स्पर्धांत जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य अशी चढण असते. आमचा विभाग पुण्याचा, तिथंच निम्म्या पोरी गळायच्या. बालेवाडीच्या संकुलात पहिल्यांदा सिंथेटिक रनवेवर धावले तेव्हा माझा रनअपच लांब झाला. मातीवर पाय थोडा घसरतो, इथं स्पाइक्स पकडून ठेवतात, वेग वाढतो आणि खूण चुकते. भालाफेकीत सगळ्यांना तीन थ्रो मिळतात, त्यातल्या पहिल्या आठ जणींना आणखी तीन. त्या आठांत बसणं हेच माझं अनेक वर्षांचं ध्येय होतं, पदक नंतर. महाविद्यालयात असताना खुल्या गटातल्या राज्य स्पर्धेत कांस्य मिळालं. त्या प्रमाणपत्राचं मोल तेव्हा कळलं नव्हतं.

कोपर गेला तो २०२२ च्या सुरुवातीला. लोकांना वाटतं भाला हातानं फेकतात. खरा जोर येतो तो डाव्या पायाकडून. धावत येऊन डावा पाय सरळ रोवला की अंगाचा वेग एकदम थांबतो आणि कमरेतून खांद्यात, खांद्यातून भाल्यात जातो. तो गुडघा वाकला की वेग तिथंच मुरतो, मग हात एकटाच ओढत बसतो, कोपर खांद्याच्या खाली येतो आणि सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर पडतो. माझं तेच झालं. एका थ्रोला आतून काहीतरी ताणल्यासारखं वाटलं आणि संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडता येईना. आई म्हणाली, "बस झालं आता." वडील काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी अर्धी पाळी घेऊन माझ्यासोबत फिजिओकडे आले.

तिथं कळलं की मला हातापेक्षा कुल्ला आणि पोटऱ्या जास्त सुधारायच्या आहेत. रबर बँड, मनगटाचे हलके व्यायाम, एका पायावर उभं राहणं. कंटाळवाणं काम. मग भिंतीवर टेनिस बॉल, मग वजनी चेंडू, मग दोन पावलांचा थ्रो. पूर्ण रनअपला परवानगी मिळेपर्यंत उन्हाळा सरला होता. घरी बसून असतानाच मे महिन्यात जमशेदपूरला अन्नू राणीनं ६३.८२ फेकले. ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला ६० मीटरवर कांस्य, राष्ट्रकुलात भालाफेकीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्या वर्षी हांगझोऊला ६२.९२ आणि आशियाई सुवर्ण. मेरठजवळच्या बहादूरपूरची ही मुलगी सुरुवातीला उसाच्या कांड्या फेकायची म्हणतात. ऊस आमच्या अकलूज-माळशिरसकडेही ढिगानं आहे, पण तो सगळा कारखान्यालाच जातो! तिचे व्हिडिओ मी आवाज बंद करून, फक्त डावा पाय बघण्यासाठी लावायचे.

परत आले तेव्हा थ्रो ४१-४२ चा झाला, नंतर पुन्हा ४४. तोवर पदवी झाली होती आणि घरात लग्नाचा विषय निघू लागला होता. तेव्हा नोकरीचं बघायला घेतलं.

राज्य शासनाच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमध्येच खेळाडूंचा वाटा. १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयात कुठल्या गटाच्या पदाला कुठल्या पातळीची कामगिरी लागते ते दिलंय. लोकांना वाटतं पदक दाखवलं की नोकरी. तसं नसतं. परीक्षा सगळ्यांसारखीच द्यायची, आणि त्याआधी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यायची. आमची ती पुण्याला, क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं बाहेर आल्यापासून तिथं फार बारकाईनं बघतात, आणि बघायलाच हवं. खोट्या कागदावर लागलेला प्रत्येक माणूस आमच्यातल्याच कुणाचीतरी जागा खातो.

माझा कागद खरा होता, तरी अडला. प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव नव्हतं, दहावीच्या गुणपत्रिकेवर होतं. शिवाय स्पर्धेच्या निकालपत्राची प्रत हवी होती, ज्यात किती जणींनी भाग घेतला आणि कुणी किती फेकलं ते असतं. आयोजकांकडे विचारलं तर "जुनं रेकॉर्ड आहे, शोधावं लागेल" हे उत्तर. मी आईनं जपलेलं वर्तमानपत्राचं कात्रण आणि छातीवर नंबर लावलेला फोटो घेऊन गेले होते. टेबलापलीकडच्या मॅडम चांगल्या होत्या, म्हणाल्या, "बाळा, हे छान आहे, पण हा पुरावा होत नाही." सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, संध्याकाळच्या हुतात्मानं यायचं, असं बरेच महिने चाललं. शेवटी त्या स्पर्धेतल्या एका पंचांच्या घरी, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात सह्यांचं मूळ निकालपत्र सापडलं. नावासाठी प्रतिज्ञापत्र केलं. पडताळणी अहवाल हातात आला तेव्हा स्टेशनवर शेंगाचटणीची पाकिटं घेऊन मॅडमना द्यावीत असं वाटलं होतं, पण ते बरं दिसलं नसतं.

आता मी क गटाच्या पदावर आहे. सकाळी सहाला मैदान, दहाला ऑफिस. उन्हाळ्यात पारा ४३ च्या वर गेला की सरावाला सुट्टी. शासकीय कर्मचाऱ्यांच्या स्पर्धांत फेकते, मीटर कमी झालेत, कोपर शांत आहे.

मुलींचे पालक मैदानावर येऊन विचारतात, भाला कुठला घ्यायचा. मी सांगते, पाचशे ग्रॅमचा, कमी रेटिंगचा, आणि पहिलं वर्ष शाळेचाच वापरा. स्पर्धा संपली की प्रमाणपत्राआधी निकालपत्राची झेरॉक्स मागून घ्या, त्यावर संघटनेचा शिक्का आहे का बघा, आणि मुलीचं नाव आधारवर जसं आहे तसंच एंट्री फॉर्मवर लिहा. भाल्याचा पाइप हवा असेल तर माझ्याकडे एक जादा पडून आहे, घेऊन जा.