नायट्रेट कमी, मासे मेलेले

शहापूरकडचे एक काका मुलुंडच्या आमच्या प्रयोगशाळेत आले. तळ्यातले रोहू-कटला मेलेले, वरच्या अंगाला भातखाचरं, आणि पाणी आणलेलं मिनरल वॉटरच्या बाटलीत. सहकाऱ्याने फॉर्मवर 'नायट्रेट'पुढे खूण केली. खत म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना तेवढंच सुचतं, याची मला चीड येते. आकडा पिण्याच्या पाण्याच्या 45 मिलिग्रॅम प्रतिलिटर मर्यादेच्या आसपासही नव्हता. काका 'मर्यादेत' असा कागद घेऊन परत गेले असते.

पण भाताच्या खाचरात नायट्रेट शोधायचंच कशाला? साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू नसतो. तिथे नायट्रेट टिकत नाही, जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. टाकलेल्या युरियाचं काही दिवसांत अमोनियम होतं, आणि त्याआधीच जोराची सर आली तर युरियाच बांधावरून ओढ्यात उतरतो.

मी विचारलं, "काका, मासे पहाटे मेले की दुपारी?"

"भर दुपारी, ताई. वर येऊन आ वासत होते."

पहाटे मेले असते तर आधी प्राणवायूवर संशय घेतला असता, कारण शेवाळ तो रात्री संपवतं. दुपारी गोष्ट उलटी असते. उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल-अल्क आहे त्याचं माप) 9 पर्यंत चढू शकतो. सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी (त्यात अमोनियमही आलं) जेमतेम एक टक्का माशांना मारणाऱ्या मुक्त रूपात असतो. 9 ला, आपल्याकडच्या कोमट पाण्यात, एक तृतीयांशाहून जास्त. नत्र तेवढंच, पण सकाळी मासे तगतात आणि दुपारी मरतात.

अमोनिया दाखवणारे नेसलरचे थेंब टाकले तर नळी गडद पिवळी झाली. पण बर्फ नाही, आम्ल नाही, बाटली दोन दिवस पिशवीत. त्यातला किती अमोनिया तळ्यातला आणि किती वाटेत युरिया फुटून झालेला, हे कसं सांगणार? नमुना घेताक्षणी गंधकाम्लाने सामू 2 च्या खाली आणून थंड पेटीत ठेवायचा असतो, आणि सामू त्याआधी काठावरच मोजायचा असतो. हे शेतकऱ्याला आधी सांगायची सोय आमच्या व्यवस्थेत कुठेच नाही.

सुट्टीच्या दिवशी मी आसनगाव लोकल पकडून तिकडे गेले. आभाळ भरलेलं, आणि शेजारचे शेतकरी भरल्या खाचरात फुटव्यांच्या वेळचा युरिया फोकत होते. त्यांना दोष देणं मला पटत नाही. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, हाताने फेकता येते. आपल्याच राज्यातली भातलागवडीची चारसूत्री पद्धत सांगते, युरिया-डीएपीच्या गोळ्या लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचा. खत चिखलात राहतं, वरच्या पाण्यात फारसं येत नाही. ते म्हणाले, "गोळ्या आणायच्या कुठून? आणि खोचायला माणसं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काकांना भरपाईसाठी कारण लेखी हवं होतं. मी बाटलीतला अमोनिया लिहिला, नमुना कसा आला तेही लिहिलं. मृत्यूचं कारण लिहिता आलं नाही. त्या दुपारचा सामू कुणीच मोजला नव्हता. लोंबीच्या वेळी युरियाचा पुढचा हप्ता पडेल तेव्हा पावसाआधी आणि पावसानंतर नमुने घ्यायचे ठरलंय. बाटल्या मीच आम्ल घालून पाठवणार आहे. यावेळी केल्डाल नत्रही (अमोनिया आणि सेंद्रिय नत्र मिळून) काढायचं, म्हणजे न फुटलेला युरियासुद्धा आकड्यात येईल.