टायबरच्या काठाने, विटांच्या मागावर

प्राचीन रोमन विटांवर मारलेले ठसे शोधायला मी ओस्तिया अँतिकाला गेले, म्हणजे रोममधून वाहणाऱ्या टायबर नदीच्या मुखाजवळच्या जुन्या बंदराच्या अवशेषांत. पहिल्या दिवशी दोन तास भिंती न्याहाळल्या, पण ठसा एकही सापडला नाही. चूक नंतर उमगली. ठसा असतो विटेच्या सपाट अंगावर आणि भिंतीत वीट बसली की बाहेर राहते फक्त तिची कड. शिवाय दर्शनी विटा लहान, बऱ्याचदा त्रिकोणी तोडलेल्या. ठसे शोधावेत ते दीड आणि दोन रोमन फुटी विटांवर (दोन फुटी म्हणजे सुमारे ५९ सेंटिमीटर). भिंतीत मधूनमधून त्यांचे सलग थर असतात, कमानींतही त्याच. त्यामुळे ढासळलेल्या भिंतींच्या कडा आणि कमानींचे तुटलेले भाग आधी बघा. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात, दुपारी विरतात. विटेचा तुकडासुद्धा उचलू नका, इटलीत तो गुन्हा आहे.

दुसऱ्या दिवशी एक मिळाला. गोल ठसा, एका बाजूला चंद्रकोरीएवढा भाग कापलेला, आत दोन नावं: पेतिनुस आणि अप्रोनियानुस. हे इ.स. १२३ चे कॉन्सल, म्हणजे दरवर्षी बदलणारे रोमचे सर्वोच्च अधिकारी; त्यांच्या नावांवरून साल कळतं. आणि त्या साली ठसे इतके मारले गेले की रोमभर हीच जोडी भेटते. आपल्याकडे भट्टीवाले विटेवर आद्याक्षरं उमटवतात, इथे जमिनीच्या मालकाचं नाव, कारखाना, कधी वर्षही. हाइनरिश ड्रेसेलने १८९१ मध्ये हे ठसे संकलित केले, पुढे हर्बर्ट ब्लॉखने त्यांवरून इमारतींचे काळ ठरवले. रोममधल्या पँथिऑन मंदिराच्या दर्शनी भागावर अग्रिप्पाचं, म्हणजे सम्राट ऑगस्टसच्या सेनापतीचं, नाव आहे, पण विटा सांगतात की सध्याची इमारत त्याच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी उभी राहिली.

मला सगळ्यात भावलं ते वीटभट्ट्यांचं मालक असलेलं दोमितियुस घराणं. लुकानुस आणि तुलुस हे भाऊ, मग लुकानुसची मुलगी लुचिल्ला, मग तिची मुलगी, तिचंही नाव लुचिल्लाच. ही धाकटी लुचिल्ला म्हणजे सम्राट मार्कुस औरेलियुसची आई. भट्ट्या आईकडून मुलाकडे आल्या आणि राजघराण्याच्या झाल्या. तुलुसच्या मृत्युपत्राची चर्चा रोमन लेखक धाकट्या प्लिनीच्या एका पत्रात आहे, ते जाण्याआधी वाचा.

भट्ट्या होत्या नदीच्या वरच्या अंगाला, रोमच्या उत्तरेला ओर्ते-बोमार्झोच्या परिसरात. मुन्यानो इन तेवेरिना इथे दोमितियुसांची एक होती. काठाला चिकणमाती, भोवती जळणाला रानं आणि माल खाली रोमकडे न्यायला टायबरची धार. एवढी जड वस्तू बैलगाडीने रोमला नेणं परवडलं नसतं. काही ठशांवर ‘पोर्तुस’ शब्द येतो, म्हणजे काठावरचा धक्का, वखार. त्यातलं ‘पोर्तुस लिचिनी’ सहाव्या शतकाच्या सुरुवातीलाही चालू होतं. त्या काळचा राजदरबारी अधिकारी कासिओदोरुस याच्या पत्रांत रोमच्या तटबंदीच्या दुरुस्तीसाठी तिथल्या वर्षाला २५,००० कौलांचा उल्लेख सापडतो.

ओस्तियाला रोमच्या पोर्ता सान पाओलो स्थानकाहून मेट्रोमारे ही लोकल गाडी मिळते, पिरामिदे मेट्रो स्थानकाला लागूनच. शहराचं साधं तिकीट चालतं. सोमवारी अवशेष बंद असतात. ओर्तेला रोमहून थेट लोकल आहे, आणि पुढचं अत्तिल्यानो-बोमार्झो स्थानक मुन्यानोला जवळ पडतं. मात्र स्थानकावर उतरून वाहन मिळेल या भरवशावर राहू नका. मी चालत गेले, उन्हात दमले. गाडी आधीच ठरवा, पाणी आणि गावात शिरण्यापुरती इटालियन वाक्यं सोबत ठेवा, आणि परतीच्या लोकलची वेळ स्थानकावर उतरतानाच लिहून घ्या.