प्रश्न क्रमांक ११

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेच्या आठवीतल्या मुलींचे फॉर्म आठवडाभर माझ्या टेबलावर पडून आहेत. रिपोर्ट सोमवारी द्यायचाय.

माझं काम शिकवण्याचं नाही, मोजण्याचं. एक संस्था शाळांमधून लैंगिक शिक्षणाची सत्रं घेते. सत्रांआधी आणि नंतर तीच प्रश्नावली भरून घ्यायची आणि काय फरक पडला ते मी सांगायचं. 'लैंगिक' हा शब्द अर्थातच कुठं छापत नाहीत. २००७ साली महाराष्ट्रात या शिक्षणावर बंदी आली होती, ते शाळा विसरलेल्या नाहीत. 'जीवनकौशल्ये' म्हटलं की मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडतो.

फॉर्मवर नाव नसतं. मग आधीचा आणि नंतरचा फॉर्म एकाच मुलीचा, हे कळणार कसं? त्यासाठी खूण असते: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेचा आकडा, भावंडं किती. हे कुणीतरी पुण्यात बसून ठरवलेलं. इथं निम्म्या पोरींनी 'अ' लिहिला. घरात तेलुगू, आई म्हणजे अम्मा! जोड्या लावण्यात दोन रात्री गेल्या. शेवटी काही मी हस्ताक्षरावरून लावल्या. नियमात बसत नाही, पण दुसरं काय करणार?

माहितीचे प्रश्न झकास सुधारले. डास चावल्यानं एचआयव्ही होत नाही, पाळीचं रक्त घाण नसतं, सगळं बरोबर. घरी त्या चार दिवसांत देवघराजवळ फिरकता येतं का, हे आम्ही विचारतच नाही.

अडलं ते अकराव्यावर. 'नको असताना कुणी स्पर्श केला तर मी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगेन.' आधीच्या खेपेला दोघी-तिघी सोडून सगळ्यांचं 'हो'. नंतरच्या खेपेला 'सांगता येत नाही'वर खुणांची रांग लागलेली.

समन्वयकांचा फोन आला, "मॅडम, तो प्रश्न वगळता येईल का? शब्दरचना चुकली असेल." माणूस चांगला आहे. पण निधीचं वर्ष संपत आलं की सगळ्यांनाच शब्दरचना चुकलेली दिसते.

म्हणून मी स्वतः गेले. पत्र्याखालचा वर्ग, वर सोलापूरचं ऊन. वर्गशिक्षिकांना बाहेर पाठवायलाच पंधरा मिनिटं गेली. दोनदा खडू घ्यायला आत आल्या. मुली आधी एकमेकींना कोपरं मारत बसल्या. मग एक म्हणाली, "पहिल्यांदा काय ओ मॅडम, हो म्हणलं की झालं. सगळ्याच म्हणतेत की."

"आणि आता?"

"आता म्हायत झालं ना. मॅडमला सांगितलं की मॅडमला पोलिसात सांगावंच लागतंय. मग घरात कळतंय. मग शाळा बंद."

"शाळा बंद, अन् बस अम्माजवळ विड्या वळत," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम १९. गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी शंका जरी आली, तरी पोलिसांना कळवायचं, लपवलं तर शिक्षा. सत्रात हे शिकवलं होतं आणि पोरींना चोख समजलं होतं. आधीचं 'हो' पाठ केलेलं होतं. हे 'सांगता येत नाही' त्यांनी हिशेब करून लिहिलेलं. माझ्या तक्त्यात रकाने तीन: सुधारणा, घट, बदल नाही.

निघताना फाटकाशी एक मुलगी मागून आली. "मॅडम, तुम्हाला सांगितलं तरी तसंच का?"

खोटं बोलता आलं नाही. "हो," म्हणाले. "पण आपण एकत्र ठरवू, तुला एकटीला..."

"नाही ओ, सहज विचारलं." आणि ती मधल्या सुट्टीच्या गर्दीत मिसळली. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात होताच. तो पुन्हा सांगायला मी वळले, तोवर दोन वेण्यांच्या चाळीस पाठमोऱ्या मुली.

संस्थेच्या समुपदेशक बाईंना तिथूनच फोन केला. एकीला बोलावलं तर वर्गभर होईल, म्हणून त्या काल सगळ्यांशी एकेक करून बोलल्या. कुणीच काही म्हणालं नाही. परवा पुन्हा जाणार आहेत, मीही जाते आहे.

समन्वयकांचा सकाळी मेसेज होता: 'अकराचं काय ठरलं?' उत्तर दिलेलं नाही. गठ्ठ्यातले 'अ'वाले फॉर्म वेगळे काढलेत आणि हस्ताक्षरं बघत बसलेय.