हातचा एक

परवा दुपारी कपाट आवरताना चौकटीची एक वही सापडली, पुरती कोरी. आमच्या घरात गणिताची वही कोरी राहिली याचं कुणालाच नवल वाटणार नाही. कपाट तसंच टाकलं आणि त्या वहीत कोरियन गिरवायला बसले.

कोरियन लिहावं तर चौकटीतच. डावीकडे व्यंजन, उजवीकडे उभा स्वर. स्वर आडवा असेल तर तो व्यंजनाच्या खाली. आणि शेवटी आणखी एखादं व्यंजन असलंच, तर ते तळाशी, अंग चोरून. त्याला 'बात्छिम' म्हणतात. चौकट एकच, त्यामुळे सोबत कोण आलंय ते बघून कुणी बारीक व्हायचं, कुणी लांब. माझी अक्षरं अजून चौकटीबाहेर पाय काढतात.

शाळेत याच चौकटींमध्ये बेरजा केल्या. एका घरात एक आकडा, हातचा वर बारीक. बाई फळ्यावर बेरीज मांडत यायच्या आणि हातच्यापाशी खडू थांबवून वर्गाकडे बघायच्या. अख्खा वर्ग ओरडायचा, "हातचा एक!" मीही ओरडायचे. हा एक कुठून आला आणि पुढच्या घरात का जातो, हे कुणीच विचारलं नाही. बात्छिमचंही तसंच. पुढचं अक्षर स्वराने सुरू झालं की तो आपलं घर सोडून तिकडे जातो. कोरियन भाषेचं कोरियन नावच घ्या: लिहायचं हान-गुक-ओ, वाचायचं हान-गु-गो. जाता जाता 'क'चा 'ग' झाला, तो वेगळाच. वाचताना मी अजून मनातल्या मनात 'हातचा एक' म्हणते.

ही लिपी राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये लोकांना दिली. त्याआधी लिहायचं म्हणजे चिनी अक्षरं, आणि ती शिकायला सवड हवी. लिपीसोबतच्या ग्रंथात जोंग इन-जी या विद्वानाने लिहून ठेवलंय, की शहाणा माणूस ही अक्षरं सकाळ सरायच्या आत शिकेल आणि मठ्ठ असला तरी दहा दिवसांत. मी मुळात बसतेच दुपारी, त्यामुळे शहाण्यांतून आपोआप बाद.

पण अक्षरं आहेत मोठी गंमतीची. 'ग'ची खूण म्हणजे घशाशी अडलेली जिभेची मागची बाजू, 'न' म्हणजे वर टेकलेलं जिभेचं टोक, 'म' म्हणजे तोंड, सरळ चौकोनच. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य ही घोकंपट्टी आपणही केलेली असते, पण जिभेचं चित्र कुणी काढून दाखवलं नव्हतं. ख, थ, फ आपल्याला आयते येतात, तेवढीच मिजास. त्यांच्या शेजारी घसा आवळून काढायचे आणखी काही आहेत, तिथे ती उतरते. चंद्र, मुखवटा आणि मुलगी या तीन शब्दांत फरक काय तो पहिल्या व्यंजनाचा.

आकडे दोन जातींचे, एक देशी आणि एक चिनीतून आलेले. साडेतीन वाजले की तास देशी आणि मिनिटं चिनी: से शी, साम-शिप बुन. एकाच वाक्यात तीन दोनदा, दोन वेगळ्या नावांनी. वय सांगायचं तर देशी. तारीख सांगायची तर चिनी. का? मोठेपणी शिकताना जीभ वळत नाही असं लोक म्हणतात. जीभ वळते हो, हा 'का' वळत नाही. हातचा कसा बिनबोभाट घेतला होता!

वाक्याची ठेवण मात्र ओळखीची. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाला चिकटून, आणि आदर क्रियापदाच्या शेपटीला. म्हणजे समोरचा थोरला की धाकटा हे ठरवायला वाक्यभर वेळ मिळतो. कोरियात ओळख होताच वय का विचारतात, ते आता कळतं. नवशिक्यांच्या पुस्तकात ही भानगडच नाही. तिथे सगळे सगळ्यांशी शेवटी 'यो' लावून बोलतात, मित्रसुद्धा. जवळच्या माणसांशी बोलायची तऱ्हा, 'बानमाल', पुढच्या भागात आहे. तोवर मला कुणाशी भांडायचं झालं, तर आदरानेच भांडावं लागेल. आणि आमचा भूतकाळ अजून शिकून व्हायचाय. भूतकाळाशिवाय भांडणार तरी काय?