पाच बोटं, सहा गठ्ठे

चुलतभावाने कधीतरी आजीचा नऊवारीतला फोटो मेलने पाठवला होता. तो शोधायचा म्हणून परवा रोमनमध्ये ‘आजी’ टाइप केलं. ए, ए, जे, आय. नजर किबोर्डवर. मान वर केली तर शोधाची चौकट कोरीच, आणि यादीतले वरचे तीन मेल गायब.

कर्सर चौकटीत नव्हताच, मेलच्या यादीवर होता. थंडरबर्ड या माझ्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये यादीवर असताना नुसता ए म्हणजे अर्काइव्ह, जपून ठेवायच्या मेलांची कोठी, आणि नुसता जे म्हणजे जंक, नकोशा मेलांची. पहिल्या ए ने बेअरिंगवाल्याचं कोटेशन आत गेलं, दुसऱ्याने सोसायटीच्या सभेची नोटीस, आणि जे ने आमचे सीएसाहेब थेट भंगारात. चूक सर्वस्वी माझ्या बोटांची. पण नुसतं नाव घेतल्याबरोबर पसारा आवरला जावा, हे आजीच्या स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं. देवनागरीत टाइप केलं असतं तर बहुधा सगळे वाचले असते. इनस्क्रिप्ट हा देवनागरी किबोर्ड चालू असला की ए च्या जागी ओकाराची मात्रा असते आणि जे च्या जागी र. मग शॉर्टकट बिचारे गोंधळून गप्प बसतात. एरवी याच गोष्टीवर मी वैतागते.

मी भोसरीत एका छोट्या कारखान्यात खरेदी सांभाळते. कोटेशनं, डिलिव्हरी चलनं, ई-वे बिलं, ‘मॅडम पेमेंटचं बघा ना’ असे मेल दिवसभर येत असतात. कित्येक वर्षं मी ते माउसने धरून डावीकडच्या फोल्डरांच्या उतरंडीवरून फरफटत न्यायची. हात जरा हलला की ‘ट्रान्सपोर्ट’चा मेल ‘टूलिंग’मध्ये पडायचा आणि मग आठवडाभर ट्रकवाल्याशी फोनवर वाद.

मग कंट्रोल-शिफ्ट-एम सापडलं. त्याचा अर्थ एवढाच, की मघाशी जिथे टाकलंस तिथेच हाही टाक. बाकी शॉर्टकट बोटांचे कष्ट वाचवतात, हा डोक्याचे वाचवतो. मेथी निवडायला बसलं की पहिल्या दोन-चार काड्यांना विचार लागतो, पुढे हात आपोआप चालतो, तसं. सकाळी आधी सगळी बिलं घ्यायची, एकदा फोल्डर दाखवायचा आणि मग टक, टक, टक. ज्याला हे सुचलं तो घरी भाजी निवडत असणार याबद्दल मला शंका नाही.

शॉर्टकट कुठून येतात ते बघायला गेलं की गंमत वाटते. जीमेलमध्ये जे दाबलं की पुढचा मेल आणि के दाबलं की मागचा. जे हे अक्षर कशाचं? कशाचंच नाही. बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास ‘व्हीआय’ हा मजकूर टाइप करायचा एडिटर लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोर एडीएम-3ए नावाचं टर्मिनल, म्हणजे पडदा आणि किबोर्ड असलेलं यंत्र होतं. त्यावर बाणांची वेगळी बटणं नव्हती, बाण एच, जे, के, एल याच बटणांवर छापलेले होते. खाली जाणारा बाण जे वर होता. ते यंत्र केव्हाच भंगारात गेलं, पण जीमेल वापरणारी बोटं अजून त्या बाणावरून खाली उतरतात. (हे शॉर्टकट जीमेलमध्ये मुळात बंद असतात, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागतात. माझ्यासारख्यांचा विचार करूनच असावेत.)

आउटलुकची कथा तर याहून भारी. जगात सगळीकडे कंट्रोल-एफ म्हणजे शोधा. आउटलुकमध्ये मेल पुढे पाठवा. मायक्रोसॉफ्टच्याच एका जुन्या प्रोग्रामरने याचं कारण लिहून ठेवलंय. प्रोग्रॅमच्या चाचणीच्या काळात कंट्रोल-एफने शोधताच येत होतं. मग चाचणी घेणाऱ्या एकाने तक्रार केली, की मला कंट्रोल-एफने फॉरवर्ड करायची सवय आहे. तक्रार मान्य झाली, कारण तक्रारदाराचं नाव बिल गेट्स होतं. मालकाची सवय हाच नियम, हे आमच्या भोसरीतही असंच असतं.

मी पहिल्यांदा ईमेल पाहिला तो 1997 मध्ये, तेव्हा इंटरनेट देणाऱ्या विदेश संचार निगमच्या, नुसत्या अक्षरांवर चालणाऱ्या शेल अकाउंटवर. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि ‘पाइन’ नावाचा प्रोग्रॅम. माउसचा संबंधच नव्हता. एस दाबलं की खाली प्रश्न यायचा, कुठल्या फोल्डरमध्ये ठेवू? एक नाव त्याने आधीच सुचवलेलं असायचं, पटलं तर एंटर. कुठली बटणं चालतील तेही पडद्याच्या तळाशी दोन ओळींत लिहिलेलं. इतक्या वर्षांत आपण कुठवर आलो म्हणायचं, कोण जाणे.

या सगळ्याला एक सणसणीत उत्तर आहे, आणि ते मला ठाऊक आहे. 1 एप्रिल 2004 ला जीमेल आलं तेव्हापासून सूर असा, की 1 जीबी जागा आहे, लावत कशाला बसता, शोधा. 2011 साली आयबीएमच्या संशोधकांनी 345 जणांचा मेल वापर तपासला. फोल्डरमधून मेल काढायला सरासरी 58 सेकंद लागत होते, शोधून काढायला 17. म्हणजे माझी उतरंड तोट्यात. हे वाचून दोन दिवस मी काही लावलं नाही. तिसऱ्या दिवशी इनबॉक्स पाहिला की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायला लागलं. लावायचं ते सापडावं म्हणून नसतंच. समोरून हलावं म्हणून असतं.

माझे वडील, अण्णा, पंचायत समितीतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले. लहानपणी मी त्यांचा डबा पोचवायला जायची, तेव्हा त्यांच्या मागच्या कपाटात लाल कापडात बांधलेले गठ्ठे असायचे. सरकारी कचेऱ्यांत ही सहा गठ्ठे पद्धत अजून आहे. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे, आणि सहावा नष्ट करायच्या ‘ड’ कागदांचा. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ड’चं आयुष्य वर्षभराचं. अभिलेख निवडण्याच्या या कामाला कचेरीत निंदणीकरण म्हणतात. अण्णांचे वडील शेतात निंदणी करायचे, अण्णा टेबलावर.

गेल्या महिन्यापासून ते माझ्याकडे राहायला आलेत. माझे 47 फोल्डर बघून म्हणाले, “एवढी कपाटं?”

“अण्णा, प्रत्येक सप्लायरचा वेगळा आहे.”

“कुणाचा कागद ते नको सांगूस. त्याचं पुढं काय करायचंय ते सांग.”

त्या रात्री मी बसले. थंडरबर्डमध्ये 1 ते 9 या आकड्यांवर टॅग लावता येतात. पाच तयार मिळतात, महत्त्वाचं, काम, खासगी वगैरे, आणि पाचवा ‘नंतर’. ‘नंतर’वर माझा कधीच विश्वास नव्हता. सगळ्यांची नावं बदलली, सहावा जोडला. आता 2 दाबलं की प्रतीक्षाधीन, म्हणजे चेंडू सप्लायरकडे. 4 म्हणजे वर्षाचे ठरलेले दर. 5 दाबून लगेच ए दाबलं की मेल त्या वर्षाच्या अर्काइव्हमध्ये जातो. कुठे टाकू, हा प्रश्न उरलाच नाही. 47 फोल्डर आहेत तसे पडून आहेत, त्यांचं निंदणीकरण व्हायचंय.

सहाव्यावर मात्र अण्णांनी अडवलं. मी सगळे ‘ड’ निवडून डिलीटवर बोट ठेवलं होतं.

“यादी केलीस?”

“कसली?”

“नष्ट करायच्या कागदांची. यादी करायची, साहेबांची सही घ्यायची, मग.”

यादी अजून झालेली नाही.

आजीचा फोटो त्यांनीच शोधून दिला. चुलतभावाने विषयात ‘आजी’ लिहिलंच नव्हतं, ‘आई’ लिहिलं होतं, त्याच्या वडिलांनी सांगितलं तसं. अण्णा खुर्ची ओढून जवळ बसले. मी विचारलं, “याला कितवा गठ्ठा?” त्यांनी चष्मा पुसला.

“जरा मोठा कर.”

मी कंट्रोल आणि प्लस दाबलं.

“अजून.”